भाकरीवरची बुरशी

किस्से काय कुणी ठरवून गोळा करतं व्हय! पंधरा बायांना पांढऱ्या टोप्या घालायच्या, तोंडाला फडकं बांधायचं अन आठ तास म्हणायचं, बोलू नका. मंग सगळं पोटात साठतं. अन कंपनीच्या गेटाबाहेर पाय पडला की सांडतं!

पिंपरीला ती औषधाची कंपनी नवी नवी निघाली तेव्हाचं सांगते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पेनिसिलीन म्हणायचे त्या औषधाला, आमी पेनशिलीन म्हणायचो. माझी शाळा चौथीत सुटलेली, पण नजर तिखट, म्हणून मला तपासणीत घेतलं. दिव्यासमोर इवलीशी बाटली धरायची, आतल्या पांढऱ्या पुडीत काळा कण, केस, काही दिसतंय का बघायचं. दिसलं की बाटली बाजूला.

माझ्या शेजारच्या स्टुलावर गयी. मोशीची, शेतकऱ्याच्या घरातली सून. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला आक्का म्हणायची. मी थापा मारायची अन ती खऱ्या मानायची. झकास जमायचं दोघींचं! पण त्या खरं मानण्यापायीच तिच्या मालकाचा पाय पणाला लागला. तिकडं येतेच मी. आधी हसून घ्या, नंतर जमणार न्हाई.

*

पहिल्याच दिवशी भांडण झालं ते बांगड्यांवरून.

आमच्यावरच्या सुपरवायझर बाईंना आमी मिस म्हणायचो. लग्न झालेल्या, तरी मिस! त्या म्हणाल्या, "बांगड्या काढा. बांगड्यांना जंतू असतात."

एक जण रडायलाच लागली. "नवरा जिता हाय माझा!"

मिसनी आपले मोकळे हात वर केले. "हे बघा, माझ्या हातात आहे का बांगडी? माझे मिस्टर ठणठणीत आहेत. दुपारी डबा घेऊन येतात, बघा हवं तर!"

दुपारी आमी पंधराही जणी गेटाशी. मिसचा नवरा सायकलवरून आला, उतरला, डबा काढला अन खोकला.

मी हळूच म्हटलं, "बघा, सुरू झालं!"

दुसऱ्या दिवशी नऊ जणींची दांडी!

मिसना वरून लई बोलणी बसली. खाली आल्या अन आधी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

*

एकदा केमिस्ट सायबांना वाटलं, या बायांना जंतू दाखवावेत, म्हंजे नियम का पाळायचे ते कळेल. वर नेलं आमाला. टेबलावर सूक्ष्मदर्शक. पहिला नंबर गयीचा.

गयीनं एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला अन किंचाळली, "अगं आई गं! केसाळ हायत की! काळे काळे! हालत्यात बी!"

सायब म्हणाले, "बाई, मी अजून काच ठेवलीच नाही."

तिच्याच पापण्या त्या!

घरी जाताना मी गयीला म्हटलं, "सायबाला सांगायची लाज वाटली गं. ते जंतू त्याच्याच मिशीतनं पडलेले."

महिन्याभरानं सायबांनी मला बाजूला घेतलं. "चंद्राबाई, ही बाई मला बघितलं की श्वास का रोखून धरते? माझ्याकडून काही चूक झाली का?"

*

घरी सासूबाई. माळकरी. मी कंपनीतनं शिकून आले की पाणी उकळून प्यायचं, जंतू मरतात. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मेल्यावर जात्यात कुठं?"

मी म्हटलं, "जायचेत कुठं? पाण्यातच की!"

"म्हंजे मढी पाण्यात? अन ते मी प्यायचं? माळ घातलीया मी!"

इथं थांबायला पायजे व्हतं का न्हाई? पण माझी जीभ! मी म्हटलं, "आता काय उपेग? महिना झाला, तुमी तेच पिताय. रस्साच म्हणा की!"

सासूबाई उठल्या अन शेजारच्या घरी जाऊन चूळ भरली. त्या दिवसापासनं माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. मी हात जोडले, खोटं व्हतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं कुठलं खोटं अन कुठलं खरं, मला या वयात कळत न्हाई बाई."

पुढं तीन वर्षं जगल्या. तीन वर्षं शेजारणीकडनं तांब्या यायचा.

*

कंपनीत टाक्या व्हत्या मोठ्या, त्यांचा आंबूस वास लुगड्याला बसायचा. चिंचवडात आमच्या आळीतल्या बाया नाकाला पदर लावायच्या. मला राग आला. मी म्हटलं, "हसा! हा वास चार दिवस घेतला की सर्दी पळते. सायबलोकांच्या बायका मुद्दाम येऊन घेतात."

दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यापाशी तिघी उभ्या! डोळे मिटून, लांब श्वास!

एकीची सर्दी गेली की हो!

*

आता गाडग्याचं सांगते.

मिसनी एकदा सांगितलं, हे औषध बुरशीपासनं काढतात. गयीचा विश्वास बसेना. वाटेत म्हणाली, "आक्का, बुरशी म्हंजे आपल्या शिळ्या भाकरीवर येती ती? मी तर उकिरड्यावर टाकती!"

मी म्हटलं, "टाकतीस? अगं येडे, सायबलोक बुरशीसाठी हिंडत्यात. आणून दे की एक गाडगं!"

अन मी विसरून गेले. थाप मारणाऱ्याच्या कुठं ध्यानात राहतं!

आठ-दहा दिवसांनी गयी गेटावर. काखेत गाडगं, वर फडकं. पहारेकऱ्यानं फडकं काढलं अन दोन पावलं मागं सरला. आत हिरव्या-काळ्या, लव आलेल्या भाकऱ्या.

"काय हे?"

गयी ताठ मानेनं म्हणाली, "सायबांना द्या. मोशीच्या गयाबाईनं दिलं म्हणावं. जुंधळ्याची हाय, चांगली."

सगळ्या शिफ्टसमोर पहारेकऱ्यानं ते गाडगं गटाराकडं भिरकावलं. माणसं हसली. मीबी हसले. गयी हसली न्हाई. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. दहा दिवस त्या भाकऱ्या तिनं ओल्या फडक्यात जपल्या व्हत्या, सासूची बोलणी खाऊन.

तेव्हाच सांगायला पायजे व्हतं, गये, चेष्टा केली गं. ते सोडून मी तिला जवळ घेतलं अन म्हटलं, "त्या पहारेकऱ्याला काय कळतंय? तुझी बुरशी चांगलीच व्हती. त्यांना नको तर नको. घरात ठेव. कुणाला लागलं-खुपलं तर बांध, पेनशिलीनच ते!"

गयीनं डोळे पुसले. "खरंच आक्का?"

"खरंच."

चेष्टा म्हणून बोलले ते एक वेळ माफ असेल. हे मी मायेनं बोलले.

*

गयीचा मालक किसन. मी त्याला दाजी म्हणायची. पुढं महिन्याभरानं बाभळ तोडताना दाजींच्या पायावर कुऱ्हाड निसटली. गयी मला दुसऱ्या दिवशी सांगत व्हती, पण चेहरा खुशीत.

मी विचारलं, "दवाखान्यात नेलं का?"

"कशाला? मी केलंय की औषध."

"कसलं?"

"सांगणार न्हाई. तू हसशील."

मला वाटलं, हळद लावली असेल. त्या वेळी माझ्या डोक्यात गाडगं आलंच न्हाई, देवाशपथ. चार दिवस गयी गाणी गुणगुणत बाटल्या तपासत व्हती. पाचव्या दिवशी तिचं स्टूल रिकामं.

शिफ्ट सुटल्यावर भोसरीपातूर गाडीनं गेले, पुढं मोशीपातूर पळतच. दारातच वास आला. दाजी घोंगडीवर, ताप फणफणलेला. पायाला फडकं, फडक्यात भाकरी. काळी-हिरवी, जखमेला चिकटलेली. पाय गुडघ्यापातूर सुजून तकतकीत.

गयी म्हणाली, "आक्का, औषध कमी पडतंय का? दुसरं गाडगं लावलंय मी, पण अजून नीट धरलं न्हाई."

मी पाय धुतला. फडकं इंद्रायणीत टाकलं. बैलगाडी जुंपायला लावली अन दाजींना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटभर दाजी शुद्धीत-बेशुद्धीत. गयी मला विचारायची, "जगतील ना आक्का?" अन मी, जन्मभर सतरा थापा मारणारी, नुसती गाडीवानाला म्हणायची, हाण, जोरात हाण!

डॉक्टरांनी विचारलं, "जखमेला काय बांधलं होतं?"

गयीनं तोंड उघडलं. तिच्या आधी मीच बोलले, "हळद."

डॉक्टर चिडले. "चार दिवस घरात कशाला ठेवला? पहिल्या दिवशी आणला असता तर साधी जखम होती ही!"

मंग सुया सुरू झाल्या. नर्सनं बाटली ट्रेमध्ये ठेवली. आमचीच बाटली, आमचंच रबरी बूच. मी सवयीनं दिव्यासमोर धरून बघितली. स्वच्छ व्हती. गयीनं किंवा मीच तपासली असेल.

त्या औषधानं जीव वाचला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

*

दाजी घरी आले त्या दिवशी गयीनं मला परसात ओढलं अन कानात म्हणाली, "कळलं मला, डॉक्टरला हळद का म्हणालीस ते!"

मी वळून बघितलं, दाजी ऐकत तर न्हाईत ना.

"कंपनीचं गुपित बाहेर फोडायचं न्हाई, म्हणून! व्हय ना? हुशार हायस आक्का. पण तुला सांगती, माझी बुरशी नसती ना, तर मांडीपातूर गेला असता पाय!"

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "व्हय."

*

वर्ष गेलं. गयी कंपनी सोडून घरी बसली, दाजींचं बघायला. भोसरीच्या बाजारात मला मोशीची एक बाई भेटली. म्हणाली, "तुमच्या गयाबाईच्या हाताला गुण हाय म्हणं. गळू असू दे, जखम असू दे, गाडग्यातलं औषध देती. मालकाची मांडी तिनंच वाचवली की!"

बाजार तिथंच टाकला अन मोशी गाठली. आज सांगायचंच. पाया पडायचं, चप्पल खायची, पण सांगायचं. उद्या कुणाचं पोर मेलं तर?

दाजी ओट्यावर बसलेले, कुबडी भिंतीला टेकलेली, हातात सुंभ वळणं चाललेलं. गयी आत चहा टाकत व्हती. मी म्हटलं, आधी यांनाच सांगते. हळू आवाजात सगळं सांगितलं. गाडगं, गेट, मी काय बोलले, हळद. "दाजी, तुमचा पाय माझ्यापायी गेला."

दाजींचे हात चालूच. "म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"चेष्टा व्हती ते. तिनं भाकरी बांधायला काढली तवाच वळाकलं. म्हटलं, हे आक्काचं काम."

मी विचारलं, "अन आता गावातल्या बाया येत्यात तिच्याकडं, त्यांचं काय?"

"म्हनून तर हितं बसतो. गयीपातूर जायला माझ्यावरनंच जावं लागतं. कोन आलं की धोतर वर करतो, पाय दावतो. म्हनतो, मलाबी हेच औषध केलं व्हतं. मंग मानूस आत जात न्हाई, सरळ दवाखान्याची वाट धरतंय. आजपातूर एकालाबी बांधू दिलं न्हाई."

"मंग तुमी स्वतः का बांधून घेतलं, दाजी? चार दिवस?"

सुंभ थांबला. दाजींनी आतल्या दाराकडं बघितलं.

"लगीन झाल्यापासनं मी सांगायचं अन तिनं ऐकायचं. त्या दिशी पयल्यांदा मला म्हनली, तुमी गप बसा, मला कळतंय यातलं. माझा पाय मांडीवर घिऊन अशी ताठ बसली व्हती बघा, आक्का. म्हटलं, बसू दे दोन दिस. दुखनं काय, उतरंल."

गयी चहा घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं, डोळं का वलं तुझं?"

मी तोंड उघडलं. दाजींनी माझ्या आधी कप उचलला.

"काय न्हाई गं. तुझी आक्का म्हनती, तुझी बुरशी खोटी. चेष्टा केली व्हती म्हनं तिनं."

गयी एवढी हसली, एवढी हसली, की हातातल्या बशीतला चहा ओट्यावर सांडला.

"अगं बया! तुमालाबी फसवलं का हिनं!"