दाजींच्या गाडीत माती का अडकत नव्हती

दाजी जाऊन आज वर्ष झालं आणि मी अजून त्यांच्यावर जळून राहिलो.

दाजी म्हणजे माझे साडू, दिगंबरराव. बायकोच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर.
ते लातूरला कॉलेजात गणित शिकवायचे. माझं नांदेडला कापडाचं दुकान.

दोघांना नाद एकच. रिमोटच्या गाड्या.
दुकानातली खेळणी नाही हं. गिअर, शाफ्ट, डिफरन्शियल, सगळं असलेल्या, मातीत उड्या मारत पळणाऱ्या गाड्या.

सासरवाडी उमरीची. संक्रांतीला आम्ही दोघं सहकुटुंब तिकडं जायचो. तोवर मामांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, कापूस वेचून, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं केलेलं असायचं.
तेच आमचं ग्राउंड.

काळ्या मातीचा भुगा, वाळका पाला आणि मागं राहिलेला कापूस.
तो कापूस चाकाच्या शाफ्टला गुंडाळत जातो. माती गिअरच्या दातांत बसते. मग गाडी कर्र करते आणि जागेवर थांबते.

माझी थांबायची. दर संक्रांतीला.
दाजींची कधीच नाही.

मामा बाजेवर बसून बघायचे. "थोरल्या पाव्हण्याची पळून राहिली," म्हणायचे. "धाकट्याची का बसली हो?"
अख्खी भावकी ऐकत असायची.

शेवटी एकदा लाज सोडून विचारलं, "दाजी, काय करता हो तुम्ही गाडीला?"

"कव्हर घातलंय," दाजी म्हणाले. "तुझ्याच दुकानातून बारीक जाळीचं कापड नेलं होतं ना, त्याचंच शिवलं. हवा जाते, कचरा जात न्हाई."

कापड माझं. कौतुक त्यांचं.

नांदेडला आल्या आल्या मी तीच जाळी काढली. टेलरकडून डिट्टो तसंच कव्हर शिवून घेतलं, कडेला इलॅस्टिक, वर वेल्क्रो. शाफ्टच्या सांध्यांवर फुग्याचं रबर चढवलं. चेसिसखालची भोकं टेपनं बंद केली. वरून गिअरला हात सैल सोडून ग्रीस लावलं.
म्हटलं, बघू आता.

पुढच्या संक्रांतीला माझी गाडी विहिरीपर्यंतसुद्धा गेली नाही.

दाजींनी ती उचलली, उलटी केली, कव्हर काढून आत बघितलं.
"अरे सुधाकर, उघड्या गिअरला ग्रीस लावत असतात का? त्यालाच माती चिकटते. आत मलम झालंय बघ."

हसले नाहीत. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

माझी पोरगी मुक्ता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "काका, मला शिकवा ना."

हीच मुक्ता. दर संक्रांतीला मी तिला ग्राउंडवर चल म्हणायचो, तर म्हणायची, "पप्पा, तुमची गाडी बंदच असते."

त्या दिवशी मला पोळी गिळवली नाही.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि थोड्याच दिवसांत दाजी वर्गात शिकवता शिकवता खाली बसले. ते उठलेच नाहीत. अटॅक.

लातूरला पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुने-नवे विद्यार्थी, पोरीसुद्धा, ढसाढसा रडत होते.
मीही रडत होतो. आणि रडता रडता मनात आलं, आपल्या वेळी एवढी माणसं येतील का?
तिथंसुद्धा.

तिथीनं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. जेवणं उरकल्यावर ताईंनी, म्हणजे दाजींच्या बायकोनं, कपाटावरून दाजींची गाडी काढली आणि मुक्ताच्या हातात दिली.
मी मुक्ताला म्हणालो, "ते कव्हर जप बरं का. सगळी करामत त्याचीच आहे."

ताई माझ्याकडं बघतच राहिल्या.

"कव्हरची कुठली करामत, सुधाकरराव? त्यानं काडीकचरा थांबायचा. बारीक माती जायचीच की आत. उमरीहून आलं की दुसऱ्या दिवशी पेपर अंथरून बसायचे. गाडी पार खोलून टाकायचे. ब्रशनं एकेक दात साफ करायचा, चिमट्यानं शाफ्टवरचा कापूस ओढून काढायचा, बेअरिंग फिरवून कानाला लावायचं. दिवस जायचा त्यात."

माझी गाडी उमरीहून आली की पिशवीत जायची, ती थेट पुढच्या संक्रांतीला बाहेर यायची.

ताई हळूच म्हणाल्या, "मी लई जळायचे त्या गाडीवर. माझ्यापाशी एवढा वेळ कधी बसले न्हाईत ते."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या घरात जळणारा मी एकटाच.

आज तारखेनं वर्ष. आम्ही सगळे उमरीला आलोय. ताईपण.

सकाळी मुक्तानं रानात गाडी सोडली. दोन-चार चकरा मारल्या आणि रिमोट ताईंच्या हातात दिला.
"मला कुठं येतंय," ताई म्हणाल्या.
"दाबा हो मावशी, काही होत नाही."

ताईंनी दाबलं. गाडी सुसाट सुटली आणि बांधाकडच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसली.

का बसली, असं कुणी विचारलं नाही. मामांनीसुद्धा नाही.

ताई स्वतः गेल्या. हात घालून गाडी बाहेर ओढली. चाकांना कापूस, दातांत माती. पदर खोचून बांधावर बसल्या आणि मुक्ताला ब्रश मागितला.

मी पुढं झालो. "द्या इकडं, मी करतो."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. गाडी मांडीवर घेतली आणि कव्हरचा वेल्क्रो सोडवला. "आज मी करते."

दाजी, उमरीच्या रानातून आम्हा सगळ्यांचा नमस्कार.