पांढरं दाखवा

काचेला चिकटलेला कापसाचा एक पुंजका… रंगीत टीव्ही म्हटलं की मला आधी तोच दिसतो. पांढुर्ण्याच्या बाजारातलं दुकान, भिंतीला लागून मांडलेले चार जाडजूड टीव्ही, त्यांच्या तापलेल्या पाठींचा आणि नव्या थर्माकोलचा मिसळलेला वास, आणि त्या उजेडासमोर उकिडवे बसलेले माझे बाबा. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून कापूस काढला, त्यातला एक पुंजका चिमटीत धरून पडद्याजवळ नेला, आणि काचेनं तो त्यांच्या बोटांतून अलगद ओढून घेतला. तंतू न् तंतू ताठ उभा राहिला. मी आठ वर्षांची होते. मी टाळी वाजवली. बाबा हसले नाहीत. ते पाहत होते.

बाबा आमच्या सौंसरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. हिवाळ्याच्या सकाळी फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, हवेत सरकीचा तेलकट वास आणि उडणारे तंतू… बाबा गाडीवर चढायचे, कोपरापर्यंत हात खुपसून अगदी आतला कापूस उपसायचे, दोन्ही अंगठ्यांत ओढून त्याचा धागा बघायचे आणि मग उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत, त्याचा रंग. नंतर एकच शब्द – ‘पांढरा’, नाहीतर ‘कवडी’. कवडी म्हणजे पिवळट, डागी. त्याला कुणी चांगला भाव देत नाही. त्या एका शब्दावर गाडीवाल्याचं अख्खं वर्ष ठरायचं, तरी बाबांशी कुणी हुज्जत घालत नसे. दुपार कलली की मात्र ते खाली उतरायचे. मालकानं कितीही गळ घातली तरी पुन्हा चढायचे नाहीत. उतरत्या उन्हात सगळाच कापूस पिवळा दिसतो आणि पिकवणाऱ्यावर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं. घरी यायचे ते सदऱ्यावर, भुवयांवर, कानांवरच्या केसांत कापूस घेऊनच. ताट वाढण्याआधी आई त्यांच्या अंगावरचे तंतू वेचायची, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असं वेचून घ्यावं लागतं.

त्या दिवशी पांढुर्ण्याला आमच्याबरोबर शेषरावकाकाही होते. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र, मोहगावचे शेतकरी. बाबांच्या खिशातला कापूस त्यांच्याच गाडीतला होता – ‘औंदा ह्याच्यापेक्षा पांढरा आलाच नाही,’ असं बाबांनी जिनिंगमध्ये सगळ्यांदेखत सांगितलेला. दुकानदार बिचारा गुलाबाची फुलं दाखवत होता, नाचणाऱ्या बायांचे घागरे दाखवत होता. बाबा म्हणाले, “रंगाचं मंग पाहू. पांढरं दाखवा.”

आता टीव्हीवर पांढरं मागून थोडंच मिळतं? ते आपल्या मर्जीनं येतं. कधी बातम्या सांगणाऱ्याचा सदरा, कधी एखादा ढग, कधी साबणाच्या जाहिरातीतली चादर… आणि तेवढ्या दोन क्षणांत बाबा पुंजका लावून निकाल देत. पहिला टीव्ही निळा. दुसरा कवडी. तिसऱ्यावर पांढरं काही येईचना. सौंसरची शेवटची बस सुटायची वेळ जवळ आली, काका दारात उभे राहून एकदा रस्त्याकडे आणि एकदा बाबांच्या पाठीकडे बघू लागले, दुकानदारानं घड्याळाकडे बघणं लपवायचंही सोडून दिलं, आणि मी हातांची बोटं आवळून मनातल्या मनात चादरीचा धावा करत राहिले. चादर आली. बाबांनी पुंजका तिच्यावर धरला आणि तो दिसेनासाच झाला. कापूस कुठं संपतो आणि चादर कुठं सुरू होते, ते कुणालाही सांगता येईना. “हा द्या,” बाबा म्हणाले. बस आम्ही धावत गाठली. खोकं बाबांच्या आणि काकांच्या मांडीवर आडवं, आणि त्यावर हात ठेवून मी, जणू माझ्याशिवाय ते पडलंच असतं.

मग कितीतरी वर्षं रविवारी काका मोहगावहून सायकलनं येत. भिंतीला टेकून खालीच बसत, खुर्ची दिली तरी नको म्हणत. त्यांच्या अंगाला मातीचा आणि तंबाखूचा वास असे. पांढऱ्या कपड्यांतले क्रिकेटवाले पडद्यावर आले की दोघं एकमेकांकडे बघून मान डोलवत. कोण जिंकतंय, याच्याशी त्यांना फारसं घेणंदेणं नव्हतं.

…आणि अकरा वर्षांपूर्वी ते थांबलं. बाबांचा जिनिंगमधला तो शेवटचा हंगाम होता. मी नोकरीनिमित्त नागपूरला होते. मला हे आईनं फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, ऊन चांगलं होतं, काकांची गाडी आली, बाबा चढले, आणि म्हणाले, ‘कवडी.’ काकांना आधी ती थट्टाच वाटली. मालकसुद्धा म्हणाला, पुन्हा एकदा पाहा. काका म्हणाले, “नीट पाहाय रे.” त्यावर बाबा म्हणाले, “चाळीस वर्षं पाहूनच राहिलो. दोस्ती पाहून पांढरा म्हणू का?” काकांनी गाडी वळवली आणि कापूस परत नेला. तेव्हापासून ना ते आमच्याकडे आले, ना बाबा मोहगावला गेले. आई गेली, तोपर्यंत तिचा एकच हट्ट होता की जाऊन एकदा बोलून या, आणि बाबांचं एकच उत्तर होतं, की जे दिसलं ते सांगितलं. खरं सांगू, मला त्यांचा अभिमान वाटायचा. सख्ख्या मित्रालाही जो सूट देत नाही, अशा माणसाची मी मुलगी आहे, हे मी चार लोकांत सांगितलंही आहे.

यंदा घरचा टीव्ही बंद पडला – तो जुना केव्हाच गेला होता, हा त्याच्यानंतरचा. मी सुट्टी काढून सौंसरला आले ती जय्यत तयारीनिशी. फोर-के, क्यूएलईडी, ओएलईडी, कुणाचा उजेड किती निट्सचा, रिफ्रेश रेट किती, काळा रंग कुणाचा जास्त गडद… चांगला चार पानांचा तक्ता केला होता. पण घरी दोन दिवस राहिले आणि तक्त्यात नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. बाबा कपाच्या बाहेर चहा ओतत होते. वर्तमानपत्र उघडून बसत, पण पान उलटत नव्हते. डोळे दाखवू या म्हटलं तर, “माह्या डोळ्यांले का झालं?” म्हणून उठून गेले. मी पुन्हा तक्ता उघडून बसले, कारण ते सोपं होतं.

दुकानात भिंतभर पडदे, सगळ्यांवर तेच पोपट, तेच मासे, तीच कापलेली फळं. मी निट्स विचारत होते, दुकानदार उत्साहानं सांगत होता. बाबांनी खिशात हात घातला. सकाळी फिरायला गेले असताना त्यांनी एका शेतकऱ्याला विचारून उमललेलं बोंड तोडून आणलं होतं. “पांढरं दाखवा,” ते म्हणाले.

आता पांढरं मागितलं की मिळतं. दुकानदारानं मोबाइलवरून अख्खा पडदा पांढराशुभ्र करून दिला. बाबांनी पुंजका पडद्याला लावून बोटं सोडली, आणि तो खाली फरशीवर पडला. या पडद्यांना ती ओढ नसते. मी तो उचलून दिला. बाबा वाकून, नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिले. “पिवळा आहे,” म्हणाले. दुसरा? पिवळा. तिसरा, सगळ्यांत महागडा? “हाबी कवडी.” दुकानदारानं सेटिंग बदलून पडदा निळसर केला, “बाबूजी, ये तो एकदम सफेद है,” म्हणत माझ्याकडे पाहिलं, आणि मी जमिनीकडे. मला तिन्ही पांढरे दिसत होते.

बाबांनी तळहातावरच्या पुंजक्याकडे पाहिलं. फार वेळ. मग दारापाशी उजेडात गेले, उन्हाकडे पाठ केली, स्वतःच्या सावलीत पुन्हा पाहिलं.

“नंदे, खरं सांगजो. हा कापूस तुले कसा दिसते?”

मला कळलं होतं, ते काय विचारून राहिले आहेत. ‘पिवळट आहे बाबा’ एवढंच म्हटलं असतं तर ती अकरा वर्षं जशीच्या तशी उभी राहिली असती – त्यांचा शब्द, त्यांची नजर, माझा अभिमान. ते खोटं माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी कबूल करते. पण समोर तोच माणूस उभा होता, ज्यानं दोस्ती पाहून पांढरा म्हटलं नव्हतं.

“पांढरा आहे, बाबा.”

“कवडी नाही?”

“नाही.”

त्यांनी मूठ मिटली. “मंग शेषरावचाबी पांढराच असन,” ते हळूच म्हणाले. नंतर माझ्या गाडीत बसताना एवढंच – “मोहगावले घे.”

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. काका अंगणात बाजेवर बसून संत्री निवडत होते. कपाशी लावणं त्यांनी केव्हाच सोडलंय. किती वाळले होते… त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि ‘या’ म्हणाले नाहीत. बाबा चाचपडत पुढे गेले आणि त्यांच्या हातावर पुंजका ठेवला. “पाहाय,” म्हणाले. काकांचे अंगठे आपोआप चालले, धागा ओढला गेला. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, त्यांनी उन्हाकडे पाठ केली आणि आपल्या सावलीत कापूस पाहिला.

“पांढरा.”

“मले पिवळा दिसते,” बाबा म्हणाले.

काकांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. “कवापासून?”

“मालूम नाही…” बाबा म्हणाले. “तुह्या गाडीपासून असन.”

काका परत बाजेवर टेकले. मी वाट पाहिली, बाबांनी पाहिली. शेवटी आम्ही निघालो.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, जुना, पिकलेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचंय. बाबा बाजेवर बसून तळहातानं एक डोळा झाकतात, समोरच्या भिंतीकडे बघतात. मग दुसरा झाकून बघतात. एकदा पांढरी, एकदा पिवळी. दिवसातून कितीदा तरी. नेमका केव्हापासून डोळा पिवळं दाखवू लागला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आणि तो गाडीभर कापूस तर कधीच सूत होऊन कुठं कुठं गेला असेल. तो पुन्हा पाहायला मिळणार नाही.

टीव्ही अजून घेतलेला नाही. रविवारी बाबा भिंतीजवळ चटई अंथरून ठेवतात, कडी वाजली की मान वर करतात. काका अद्याप आलेले नाहीत. पण त्या दिवशी निघताना मी मागे वळून पाहिलं होतं – काकांनी तो पुंजका बाबांना परत दिला नव्हता, आणि टाकलाही नव्हता. सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.