निरोगी म्हणून माझंच रक्त

मरोळच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नमुने येतात. त्यांच्याशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं, ते आम्ही एकमेकांचंच घेतो. रीतच आहे. रुग्ण बहुतेक पन्नाशीपुढचे, आणि त्या वयाची हाताशी मी एकटीच. संमतीच्या कागदावर सही करायची, बाही वर करायची. नळीवर ‘निरोगी’ असं लिहिलं गेलं की मला उगाच भाव खावासा वाटायचा. आई वारल्यापासून पार्ल्याच्या घरी माझ्या तब्येतीबद्दल चांगलं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

आमचं काम तसं सरळ आहे. पेशीने कधी दुभंगायचं ते काही प्रथिनं ठरवतात. सायक्लिन नावाची प्रथिनं तिला पुढे ढकलतात, आणि काम झालं की पेशीच त्यांचा फडशा पाडते. दुसरी काही प्रथिनं तिला थोपवून धरतात. ती ढिली पडली की नको तेव्हा, नको तितक्या पेशी तयार होत राहतात. हाडांच्या मज्जेत नव्या पेशी घडवायची गडबड चालायचीच. पण दंडाच्या शिरेतून काढलेल्या निरोगी रक्तात जवळपास सगळ्या पेशी स्वस्थ असतात, दुभंगत नाहीत. नमुन्यात खास रंग घालून तो यंत्रात तपासला की दुभंगणाऱ्या पेशी आलेखावर वेगळ्या दिसतात.

गेल्या वर्षी माझ्या नमुन्यात दुभंगणाऱ्या पेशींचा पुंजका दिसला. मी आलेखावर ‘नमुना बिघडला’ असं खरडलं आणि कागद टोपलीत टाकला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तेव्हा मात्र नमुने तयार करणाऱ्या माझ्या तरुण सहकारी मुलीवर मी सगळ्यांसमोर उखडले.

“अगं, रंग तरी नीट घालत जा! पोरखेळ आहे का हा?”

पुढच्या खेपेला तिने माझ्याबरोबर आणखी दोघांचं रक्त घेतलं आणि तिन्ही आलेख माझ्यासमोर ठेवले.

“मॅडम, तिन्हींना एकाच बाटलीतला रंग घातलाय. माझं आणि वॉचमनकाकांचं एकदम बरोबर आलंय,” ती म्हणाली.

हाच पुंजका रुग्णाच्या कागदावर दिसला असता तर मी तासाभरात त्याच्या डॉक्टरांना फोन केला असता. जिना चढताना लागणारी धाप मी वयावर ढकलत होते, आणि पुंजका रंगावर. मला स्वतःची लाज वाटली. मग भीती वाटली.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हाडांतली मज्जा तपासायला गुरुवारी बोलावलं. “सोबत कुणाला तरी घेऊन या,” म्हणाले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी फोनमधली नावं खालीवर करत राहिले. दिंडोशीला एक चुलतबहीण आहे, पण तिच्याशी शेवटचं बोलले ते कुणाच्या तरी लग्नात. शेवटी जिला झापलं होतं तिलाच फोन लावला.

“गुरुवारी माझ्याबरोबर येशील का गं? माझं घरचं कुणी नाहीये.”

हे वाक्य मी कधीच कुणापाशी बोलले नव्हते.

“येते ना. कधीपासून वाट बघतेय, तुम्ही विचारताय की नाही,” ती म्हणाली. “किती वाजता?”

वेळ सांगायच्या ऐवजी मला हुंदका फुटला.

“रडा मॅडम. मी आहे फोनवर.”

मी भर दुपारी, रस्त्यावरच्या बाकावर बसून रडले.