मामीने घासलेल्या पट्ट्या

जंतूंना नुसता ओलावा पुरतो. ते एकमेकांना धरून बुळबुळीत थर करतात आणि मग औषधालाही दाद देत नाहीत. आजारी माणसाला लावलेल्या नळ्यांमध्ये धरतो तो हाच थर. तो धरूच नये असा पृष्ठभाग बनवणं, हे माझं काम. विष नाही, रसायन नाही. प्लास्टिकच्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चऱ्या, की जंतूंना पाय रोवायला जागाच मिळू नये. प्रयोगशाळेत ते जमत होतं, पण खऱ्या पाण्यात दोनदा फसलं होतं. यंदाही फसलं तर हा विषय सोड, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून तारकर्लीला मामाच्या घरामागे खाडीत पट्ट्या टांगल्या. निम्म्या साध्या, निम्म्या चऱ्यांच्या, मुद्दाम सरमिसळ करून. दिसायला सगळ्या सारख्या. खूण फक्त मागच्या बाजूला. कुणी हात लावायचा नाही, हे मामाला दहादा बजावलं. मामीला सांगायचं काम त्याचं होतं, आणि हा गृहस्थ विसरला.

नारळी पौर्णिमेला गेले, तर खाडीत नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. होडीची पूजा म्हटली की मामी वल्ह्यांपासून नांगरापर्यंत सगळं घासूनपुसून ठेवते. त्यात माझ्या पट्ट्याही आल्या. होडीशेजारी केळीच्या पानावर ओळीने मांडलेल्या, त्यातल्या काही लख्ख. बाजूला घासायला घेतलेलं नारळाचं सोडण, घाणीने चिकट झालेलं. माझं डोकंच फिरलं. सणाच्या दिवशी, चार माणसांत, मी मामाला नको नको ते बोलले. मामी बिचारी गोंधळली. पूजेला घाण कशी ठेवायची, एवढंच तिचं म्हणणं.

मग या बाकीच्या का सोडल्यास, मी वैतागून विचारलं.

"त्येंका कित्याक घासू गो? त्येंका बुळबुळ चढूकच नाय."

मी एकेक पट्टी उलटून मागची खूण बघितली. घासलेल्या सगळ्या साध्या. सोडून दिलेल्या एकूण एक माझ्या, चऱ्यांच्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं बाकी होतं, पण बोट फिरवलं तर कुठे निसटेना. सुटले बाई एकदाची, असं म्हणत मी तिथेच वाळूत बसले आणि भडभडून रडले.

मामीला वाटलं, मी अजून तिने घासलेल्या पट्ट्यांसाठीच रडतेय. ती शेजारी येऊन बसली, पाठीवरून हात फिरवला.

"रडा नको गो. परत पाण्यात सोड, आठ दिसांत बुळबुळ चढतली."