पंपावरचा पाय

बसल्या जागी तिचा उजवा पाय हलत असे. टाच जमिनीला टेकलेली आणि चवडा वर-खाली, वर-खाली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या बाकावर ती येऊन बसली की शेजारच्या बायका वैतागत. "अगं, बाक हलतोय, पाय आवर की!" असं कुणी म्हटलं, की ती आपल्याच पायाकडे कौतुकानं बघे. "हलू द्या. ह्यो पाय चालू हाय तवर कुनाला मरान न्हाई."

काम अंगातून उतरत नाही अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्याकडचा एक शिंपी गप्पा मारता मारता समोरच्याच्या सदऱ्याचं कापड चाचपायचा. या बाईचं काम हवा मारायचं होतं.

मी तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होते. तिचा नवरा पाणबुड्या. विहिरीत पडलेले हंडे, इंजिनाचे फुटव्हॉल्व्ह असलं काहीबाही काढून द्यायचा. पण उन्हाळ्यात नदी रोडावली आणि कोल्हारच्या वरच्या अंगाला प्रवरेचा डोह निवळला, की त्याचा दुसरा धंदा सुरू होई. डोहाच्या तळाशी, दोन पुरुष खोलीवर, एक दगडी नंदी होता. तो दाखवायला हा माणसांना खाली नेई. सुट्टीत आलेली बिऱ्हाडं डबे-सतरंज्या घेऊन डोहाकाठी बसत आणि एकेक जण नंदीला भेटून येई.

त्यासाठी त्यानं न्हाणीतला जुना तांब्याचा बंब कापून टोप केला होता. पुढं काच, मागं रबरी नळी, खांद्यांना रुतू नये म्हणून कडेनं गोधडीची चिंधी. तो डोक्यावर घालून, कमरेला धोंडे बांधून माणूस खाली जाई. वर दोन पिंपांच्या तराफ्यावर ही खोक्यावर बसे आणि ट्रकच्या पायपंपानं नळीतून हवा सोडत राही. बंब खालून उघडा. हवा येत राहिली तर पाणी हनुवटीखाली राहतं, थांबली तर वर चढतं. एवढंच त्याचं शास्त्र.

त्यांचे नियमही थोडे होते. खाली जाणाऱ्याचा दोर त्याच्या घरच्यानंच धरायचा, परक्यानं नाही. खालून दोन हिसके आले की ओढायचं. आणि हिनं नळीतून दोन झटक्यांत हवा सोडली, की खालच्यानं नंदी सोडून वर यायचं.

ती स्वतः कधी पाण्यात उतरली नव्हती. नदीला धुणं धुतानाही काठाच्या खडकावरच बसायची. "पान्यात काय ठिवलंय? हवा तर हवा, ती मीच धाडते की." नवरा मात्र बंब न घालताच खाली जाई, गिऱ्हाइकाशेजारी पोहत राही, दम संपला की वर येऊन पुन्हा जाई. त्याचा दोर हिच्या कमरेला असे. त्याच्याकडं हनुवटी उडवून ती म्हणायची, "साऱ्या जगाला माझी हवा लागती. ह्या येका मान्साला लागत न्हाई."

त्या वर्षी चैत्रात ती त्याला घेऊन दवाखान्यात आली. त्याचा डावा कान वाहत होता.

"कान कोरडा होईपर्यंत बुडी नाही," मी बजावलं.

"सांगा, बाई, सांगा. माझं ऐकत न्हाई."

"ऐकू येत न्हाई म्हून तर आलोय," तो म्हणाला, आणि सबंध बाक हसला.

मी थेंब दिले, कापूस दिला, रोज यायला लावलं. तो आला. कान कोरडा झाला. डॉक्टरांनीही बघितला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी ते सगळं पुष्कळदा मनात तपासलं आहे.

मे महिन्यात आम्हीच डोहावर गेलो. मी, आमचे हे आणि आमची एस्तर. हे शाळामास्तर, पोहता येत नाही. एस्तर बारा वर्षांची, सुट्टी लागल्यापासून नंदीचा जप करत होती. मी नेहमीसारखी यादी करून निघाले. पंचे, उकडलेली अंडी, लिंबं, टिंक्चर, पट्ट्या. मला बघून ती तराफ्यावरूनच ओरडली, "आज तुमची सुई न्हाई, आज माझा पंप!"

पोरीला द्यायचं ते आधी आपण चाखायचं, म्हणून पहिली मी उतरले. बंबात कानाशी फुस्स, फुस्स आवाज येत होता. तो तिचा पाय. त्या हिरव्या उजेडात दुसरं काही ओळखीचं नव्हतं, म्हणून मी त्या आवाजालाच धरून राहिले. तिच्या नवऱ्यानं माझा हात नंदीच्या शिंगावर ठेवला. शिंग शेवाळानं मऊ झालं होतं. मी वर आले ती हसतच.

"काय म्हनला नंदी?"

"तुझा पाय ऐकू येतो गं खाली!"

"मग! दुसरं काय ऐकायचंय?"

मग एस्तर उतरली. तिचा दोर ह्यांच्या हातात. पाणबुड्यानं तिला बजावलं, "शिंग धरून ऱ्हायचं, पोरी. मी खांद्याला हात लावल्याबिगर सोडायचं न्हाई." तिनं मान हलवली. सांगितलेलं तंतोतंत करणारी मुलगी.

तो एकदा वर येऊन दम घेऊन गेला. पुन्हा आला, हसला, "पोरगी धीट हाय," म्हणाला आणि गेला.

मी तराफ्याच्या कडेला बसून लिंबू कापत होते. पंपाचा आवाज तसाच चालला होता. पंप मारता मारता तिची मान एकदम वळली. कमरेचा दोर दोनदा ताणला गेला होता. बंब नसलेल्या माणसाकडून असे हिसके कधीच येत नसत.

तिनं एका हातानं कमरेची गाठ सोडली आणि दोर माझ्या अंगावर फेकला. "वढा, बाई!"

"तू ओढ, पंप मी मारते!"

"न्हाई. हितं येक ठोका चुकला तर पोरीच्या नाकात पानी जाईल. तुमी वढा. आता तुमीच घरच्या."

मी ओढला. दोर जड होता आणि वाकडा जात होता, वर येण्याऐवजी लांब, खाली. हातांची सालं निघाली. तो वर आला तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं. मी त्याला तराफ्यावर घेतलं, पालथा केला, पाणी काढलं, उताणा करून तोंडानं श्वास दिला. शिकले होते ते सगळं केलं. तराफा हलत होता, आणि माझ्या पाठीमागं फुस्स, फुस्स चालूच होतं.

"बाई, हाय का?"

मी पुन्हा त्याच्या तोंडावर वाकले. मला श्वास द्यायचा होता.

"बाई, हाय का वो?"

ह्यांनी एस्तरचा दोर ओढायला सुरुवात केली. तो ताणला गेला, पण वर येईना. पोरीनं शिंग घट्ट धरलं होतं. खांद्याला हात लागलेला नव्हता ना! हे पांढरेफटक पडले. "सोडत नाही ती! सोडत नाही!"

पंपावरची ती ओरडली नाही. ओठ घट्ट मिटले आणि पायानं लय मोडली. दोन झटके, जवळजवळ. मग पुन्हा नेहमीची चाल. पुन्हा दोन झटके. मी तिच्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून ते ऐकत होते, आणि माझ्या हाताखाली काहीच नव्हतं.

दोर सैल झाला. एस्तर वर आली. ह्यांनी बंब काढला. ती धापा टाकत म्हणाली, "आई, काका खाली खालीच पोहत गेले. मी बोलावलं, त्यांना ऐकूच आलं नाही."

तेव्हा कुठं तिचा पाय पंपावरून उतरला. ती गुडघ्यांवर आली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "येड्या," ती म्हणाली, "वर कुठं, खाली कुठं, येवढं बी कळंना व्हय तुला?"

डॉक्टर नंतर म्हणाले तेही तेच. आजारातून उठलेला कानाचा पडदा खोल पाण्यात फाटला असेल. गार पाणी आत गेलं की डोकं गरगरतं, माणसाला वर-खाली कळत नाही. मी मान हलवली. मला समजलं होतं. पटायचं अजून बाकी आहे.

माती होऊन गेल्यावर ती काही महिने दवाखान्यात यायची. दुखणं काही नसे. बाकावर बसायची आणि पाय हलत राहायचा, पहिल्यापेक्षा जोरात. आता कुणी "आवर" म्हणत नव्हतं. "कुनाला मरान न्हाई" हे वाक्यही तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही. एकदा मी गुडघ्यावर हात ठेवून बघितला. पाय माझ्या हाताखाली तसाच उसळत राहिला. "माझं न्हाई ऐकत त्यो," ती म्हणाली.

एस्तरनं मात्र त्या उन्हाळ्यानंतर आंघोळीच्या बंबाकडं बघणं सोडलं. मी पाणी चुलीवर तापवायला लागले.

पुढं पाऊसच पडला नाही. आधी विहिरी गेल्या, मग प्रवरेची धार गेली, आणि जो डोह कुणाच्या आजोबानंही आटलेला पाहिला नव्हता, तोही आटला. नंदी उघडा पडला. लोक चालत जाऊन बघून येऊ लागले. कुणी कुंकू लावलं, कुणी शिंगाला दोरा बांधला. हे ऐकलं त्या दिवशी माझ्या हातातली सिरिंज तशीच राहिली. एकच वर्ष थांबलो असतो तर!

एस्तर म्हणाली, "आपण जाऊ या." म्हणून गेलो. दुपारची वेळ, तळाच्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा. नंदी मला पाण्यात केवढा तरी वाटला होता. आता एस्तरच्या कमरेइतकाच होता.

त्याला टेकून ती बसली होती.

"आलीस तू इथं?" मी म्हटलं.

"आले चालत." तिनं एस्तरला जवळ ओढून बसवलं, खांद्यावर हात ठेवला. "त्येला लई हौस हुती मला ह्यो दावायची. दर साली म्हनायचा, येकदा चल खाली. मी म्हनायची, मग हवा कोन मारंल?"

आम्ही तिघी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं माझं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. टाच गाळावर टेकलेली होती. चवडा हलत नव्हता.