सिनेमातली शर्यत आणि रविवारची शर्यत

गाड्यांच्या शर्यतीचा तो सिनेमा बघायला मी कल्याणला गेलो तो खरं तर आनंदाने. तिकिटं बायकोने काढली होती, हे त्याचं कारण. इतकी वर्षं रविवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये मी एकटाच टीव्हीवर मोटार शर्यत बघत आलोय. त्या घरघरीने डोकं उठतं म्हणून ही भाजी निवडायला बाल्कनीत जाते. पण कळव्याच्या माझ्या मेव्हणीने या सिनेमाचं एवढं कौतुक केलं, की दोघी बहिणी मलाच ओढून घेऊन गेल्या. मला वाटलं, आता तरी रविवारी शेजारी कोणी बसेल.

पहिला अर्धा तास मी गप्प होतो. मग सरळ रस्त्यावर नायकाची गाडी पुढच्या गाडीच्या बरोबरीला आली. त्याने दात आवळले आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आणखी खाली दाबला. गाडी सुसाट पुढे निघाली, थिएटरात शिट्ट्या.

मी बायकोच्या कानाशी म्हटलं, "सरळ रस्त्यावर पाय आधीच तळाला टेकलेला असतो. अजून कुठे दाबतोय हा? पत्रा फाटून रस्त्याला लागेल."

"गप्प बसा हो."

बसलो. पण पुढे तर त्याने सगळी शर्यत एकदाही टायर न बदलता काढली, आणि शेवटच्या नंबरावरून थेट पहिला आला.

बाहेर कॉफी घेताना मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, मी तर शेवटी रडले. तुम्ही?"

"मी हिशोब करत होतो. एवढ्या फेऱ्यांत शेवटच्या नंबरावरून पहिलं यायचं तर बाकीचे सगळे रिव्हर्समध्ये असायला हवेत."

"ताई, हे असेच का गं? लग्नातही मांडवाचे खांब मोजले असतील."

"मोजले नव्हते," बायको म्हणाली. "एक वाकडा आहे म्हणाले होते."

दोघी हसत सुटल्या. लोक मजा बघायला येतात, परीक्षा द्यायला नाही, असं मेव्हणीचं म्हणणं. आजूबाजूच्या टेबलांवरही तेच चाललं होतं: काय भारी शॉट, काय आवाज. आवाज खरा होता, मान्य. रस्ता खरा, हेल्मेटं खरी, टायर बदलणाऱ्यांचे कपडेसुद्धा खरे. चीड आली ती त्याचीच. पौराणिक सिनेमात डोंगर उचलला तर मी तक्रार करत नाही. पण इतकं सगळं खरं जमवायचं आणि शर्यत जिथे ठरते तिथेच थाप मारायची? मी कारखान्यात माप तपासण्याचं काम करतो. केसाएवढा फरक असला तरी नग परत जातो. दिसायला छान आहे, असं तिथे कोणी म्हणत नाही.

हे सगळं मी रिक्षात बोललो. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. या रविवारी मी बसते तुमच्याबरोबर. तुमची खरी कशी असते बघू."

रविवारी ती मटार आणि पातेलं घेऊन खरंच बसली. मी आवाज कमी केला. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "हे नुसते एकामागून एक चाललेत. घोडबंदर रोडला रोज दिसतं हे."

"गाड्या बघू नकोस. कोपऱ्यातला आकडा बघ. पहिल्या दोघांमधलं अंतर आहे ते, सेकंदांत. दर फेरीला थोडं थोडं कमी होतंय."

तिने चष्मा वर केला. जरा वेळाने स्वतःहून विचारलं, "आता किती?" मग पुन्हा विचारलं. मग मटार सोलणं थांबलं. अंतर एका सेकंदाच्या आत आलं तेव्हा ती पातेलं धरून पुढे सरकून बसली होती. मी टीव्हीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो.

आणि त्या मागच्या गाडीचे टायर झिजून संपले. अंतर वाढायला लागलं, वाढत गेलं. होते त्याच क्रमाने दोघे आले.

"झालं?"

"झालं."

"गाठलंच नाही त्याने?"

"टायर उरले नव्हते. त्याने तरी काय करायचं?"

"सिनेमात गाठलं असतं," ती म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली.

मला सांगायचं होतं, की असं बहुतेक वेळा हुकतं, म्हणूनच एखादा गाठतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण तोवर कुकर लागला होता, आणि फोनवर बहिणीला सांगणं चालू होतं, "बघितली गं खरी. त्यापेक्षा सिनेमा बरा." एवढ्या शर्यती बघितल्या मी. नेमकी हीच अशी निघायची होती.

पुढच्या रविवारी ती बाल्कनीत मेथी निवडत होती. शर्यत अर्ध्यावर आली असताना तिथूनच तिने हाक मारली, "अहो, आज गाठतोय का कोणी?"

हो म्हटलं असतं तर ती आली असती. मी आकडा बघितला.

"नाही," मी म्हटलं.