आधी गेज तपासा

विष्णुपंतकाका जेवायला येणार म्हटलं की आई कपाळाला हात लावायची. भाजीत मीठ कमी आहे, असं ते सरळ कधी म्हणत नसत. "मीठ कमी आहे की माझी जीभ बिघडली, आधी ते पाहू," म्हणत, आणि घरातल्या सगळ्यांना ती भाजी चाखायला लावत.

फॅक्टरीत ते गेजरूममध्ये होते. तयार झालेला भाग मापात बसतो का, हे ज्या पोलादी गेजाने पाहतात, ते गेजच बरोबर आहे ना, हे पाहायचं त्यांचं काम. माल नापास झाला की बाकीचे मालाला नावं ठेवत. काका गेज मागवत. असा माणूस घरात म्हणजे डोक्याला ताप. पण पासष्टच्या लढाईत हाच ताप कामी आला.

घमापूर या हिंदी मुलखातल्या आमच्या मोहल्ल्यातले शेजारी मुरलीधर हे काकांचे जिवलग. फॅक्टरीत तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या यंत्राच्या हातोड्यावर कामाला, आणि बोलायला लागले की दुसऱ्याला तोंड उघडू न देणारे. ड्यूटीवर जाताना त्यांच्या सायकलीला म्हैस आडवी आली. जबडा मोडला, डोळे सुजून मिटले.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याच्याजवळ रोगी शुद्धीवर आहे का हे तपासायचा एक छापील तक्ता होता. रोज तो मुरलीधरांच्या कानाशी मोठ्याने म्हणायचा, "हाथ उठाइए." हात उठायचा नाही. चिमटा काढला की मागे जायचा, पण ती नुसती शरीराची सवय, असं तक्ता सांगायचा. बोटं मात्र चादरीवर सारखी उडत असायची. डॉक्टर त्याला झटके म्हणायचा.

पाचव्या दिवशी तो कुंदाकाकूंना, म्हणजे मुरलीधरांच्या बायकोला म्हणाला, "बहनजी, अंदर अब कोई नहीं है. कल घर ले जाइए. जख्मी जवान आ रहे हैं, पलंग चाहिए."

काकू डबा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. काकांबरोबर आलेल्या मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी तक्ता मागून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "इसमें कहाँ लिखा है कि इनको सुनाई देता है?"

"वो तो मान के चलते हैं," डॉक्टर म्हणाला.

"मान के चलते हैं," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "पाहिलं? गेज तपासलंच नाही." आणि सायकल काढून थेट फॅक्टरीत गेले.

तासाभराने परतले ते हसतच. मला त्यांचा रागच आला.

"हातोड्यावरच्या लोकांना विचारलं, मुरलीधरला ऐकू येते का? एकानंही मान वर केली नाही. हातोड्याच्या दणक्यांनी कान गेले, कोणालाच ऐकू येत नाही तिथं. खांद्यावर थापा मारून बोलून राहिले सगळे. एक म्हणजे मार, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे चहा आला."

"पण माझ्याशी तर नीट बोलतात," काकू म्हणाल्या.

"तुमच्या तोंडाकडे पाहून, वहिनी. आता डोळेच सुजून मिटले."

काकूंनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "बारा वर्षं भांडून राहिली मी. हे माझं ऐकतच नाहीत म्हणून."

मी चादरीकडे पाहत होते. बोटं तीनदा उडाली, थांबली, पुन्हा तीनदा उडाली. मी काकांचा हात धरून ते दाखवलं. हा माणूस पाच दिवस चहा मागत होता.

"वहिनी, तुम्हीच सांगा त्याला," काका म्हणाले.

काकूंनी नवऱ्याच्या खांद्यावर तीन थापा मारल्या. बोटं जागच्या जागी थांबली. मग तळवा सावकाश उलटला आणि ग्लास धरावा तशी बोटं वळली.

मी तिथेच मोठ्याने रडले, आणि मला त्याची अजूनही लाज वाटत नाही. डॉक्टर स्वतः धावत जाऊन चहा घेऊन आला, चमच्याने त्यानेच पाजला. जाताना काकांना म्हणाला, "पंतजी, कल से आप भी राउंड पर आइए." काका खरंच गेले आणि आठ दिवस त्याला भंडावून सोडलं.

मुरलीधर दिवाळीआधी कामावर गेले. कुंदाकाकूंनी ओरडणं सोडून थापा धरल्या. त्यात एक खूण चार थापांची होती, ती फॅक्टरीतल्या कोणालाच माहीत नव्हती. ती झाली की मुरलीधर लाजून अंगणात निघून जात. काकांनी तिचा अर्थ दोघांनाही निरनिराळ्या तऱ्हांनी विचारून पाहिला. दोघांनीही सांगितला नाही.